मामांची पंढरपुरी

सोलापूरला कशाला जायचे, याची उत्तरे आपल्याकडे ठरलेली आहेत. चादरीसाठी, शेंगांच्या चटणीसाठी, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पाहण्यासाठी, नाहीतर तिथून पुढे पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट असे देव गाठण्यासाठी. मी यंदा नवरात्रात सोलापूरला गेलो तो मात्र एक गाडी पाहायला. ‘गाडी तयार झाली. ये आणि बघ,’ एवढाच मामांचा निरोप होता. आमचे मामा निरोपावर शब्द खर्च करीत नाहीत. ते सारे शब्द पावसाला शिव्या देण्यासाठी राखून ठेवलेले असतात.

हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री उतरलो. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांच्या स्मरणाने धावणारी ही गाडी पुण्याची मंडळी शेंगा सोलीत सोलापूरला आणून सोडते. स्टेशनबाहेर मामेभाऊ उभा होता आणि त्याच्यामागे ‘ती’ उभी होती.

प्रथमदर्शनी मी तिला ओळखलेच नाही. महिंद्राची जुनी पिकअप, चारही चाकांनी ओढणारी. आम्ही ती २०१२ साली जुन्या बाजारात घेतली, तेव्हाच तिने दहा पावसाळे पाहिले होते. ‘आम्ही’ म्हणतो, कारण पैसे मामांचे असले तरी अक्कल माझी होती. आता तीच गाडी दोन इंच उंच झालेली, पोटाखाली जाड पत्रा, हौद्यात साखळ्या आणि फावडी, आणि बॉनेटच्या बाजूने निघून टपाच्याही वर गेलेली एक काळी, वाकडी नळी! पंढरपुरी म्हैस तुम्ही पाहिली असेल. तिची शिंगे खांद्यापर्यंत मागे गेलेली असतात. नेमका तोच थाट. मामींनी गाडीचे नाव ‘पंढरपुरी’ ठेवले होते, आणि ते नाव ठेवणे कौतुकापोटी नव्हते. पंढरपुरीत त्या अजून एकदाही बसलेल्या नव्हत्या.

त्याचे कारण सांगायला हवे.

मामांची वस्ती दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीनेच्या अंगाला, डांबरी सडकेपासून दीड किलोमीटर आत आहे. सोलापूर जिल्हा दुष्काळी म्हणून आपण भूगोलात शिकलो. वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास. पण तो कसा पडतो ते भूगोलाच्या मास्तरांनी सांगितलेले नसते. आषाढ-श्रावणात माणूस आभाळाकडे बघून थकतो आणि भाद्रपद-आश्विनात परतीचा पाऊस सारी उधारी एकदम चुकती करतो. त्यात तिथली माती काळी, कसदार, मालदांडी ज्वारी पिकवणारी. लक्षावधी वर्षांत काळा पाषाण झिजून झालेली ही माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. पाणी पडले की तीच फुगते आणि भिजवलेल्या कणकेसारखी होते. तीतून चालताना प्रत्येक पावलाला चप्पल शेरभर वजन वाढवते आणि दहाव्या पावलाला ती चप्पल मातीच ठेवून घेते.

ऑक्टोबर २०२० मध्ये, १४ तारखेच्या सुमारास, सोलापूर जिल्ह्यात असा पाऊस झाला की भीमा आणि सीना दोन्ही फुगल्या. त्या रात्री गोठ्यातली गाय सोडायला गेलेल्या मामींच्या पायाला घोणस चावली. मामांनी त्यांना पिकअपमध्ये घातले, चारचाकी जोराचा दांडा ओढला आणि गाडी घरापासून साठ पावलांवर आसापर्यंत रुतली. मागची दोन चाके जागच्या जागी फिरून खड्डा खणीत राहिली. शेवटी चार माणसांनी मामींना बाजेवर घालून, गुडघाभर चिखलातून तो दीड किलोमीटर काढला. त्याला पावणेतीन तास लागले. पुढे सडकेवरून दुसऱ्या गाडीने सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात. घोणसेचे विष रक्त बिघडवते आणि मूत्रपिंडावर जाते, तिथे एकेक तास मोलाचा. डॉक्टरांनी शर्थ केली. मामी वाचल्या, पण कित्येक आठवडे दवाखान्यात काढले आणि उजव्या पायाची दोन बोटे गमावून परत आल्या. त्या दिवसापासून त्यांनी पिकअपचे दार उघडलेले नाही. सोलापूरला जायचे तर सडकेपर्यंत पायी, काठी टेकीत, आणि पुढे एस.टी.ने.

मामांनी मग ठरवले की ही गाडी कुठल्याही चिखलातून निघाली पाहिजे. बाजारात नवी, धडधाकट गाडी मिळते, पण तिची किंमत ऐकून मामा म्हणाले, “त्यात चार एकर रान येतंय की!” तेव्हा हे सारे घरच्या घरी, थोडे थोडे करून, ज्वारीच्या आणि कांद्याच्या पैशांतून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शहरातल्या मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो. पूर्वभागात यंत्रमागांची खटखट ऐकत, तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी अशा चार भाषांच्या गल्ल्या ओलांडीत तिथे जावे लागते. मिस्त्री स्वतः या चारही भाषांत शिव्या देऊ शकतात. त्यांचे आजोबा १८७७ सालच्या जुन्या गिरणीत फिटर होते, वडील मागावर होते. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण त्यांतला हातांचा गुण कुठे गेला म्हणून कुणी विचारले तर मी या गॅरेजाचा पत्ता देईन. लेथवर बसलेला पोऱ्या हजारांश इंचाच्या गोष्टी करीत होता.

“मामा म्हणाले, चार इंच उचला,” मिस्त्री मला चहा देत म्हणाले, “मी म्हटलं, नाही. दोन इंच. वर एक शब्द नाही.”

त्याचे कारण त्यांनी बशीवर बिस्किटे मांडून समजावले. पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवला आणि जरा लांब शॅकल घातले की गाडी उंच होते. पण गेअरबॉक्स वर जातो आणि आस खालीच राहतो, म्हणजे दोहोंमधला दांडा तिरपा पडतो आणि त्याचे क्रॉस लवकर खलास होतात. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, ती बदलावी लागते. आणि उंच गाडी वळणावर कलंडायला बघते. “लोक उंची बघून खूश होतात, आणि उलटली की देवाला दोष देतात.”

त्यांचा दुसरा नियम असा की चॅसीला वेल्डिंग करायचे नाही. तापवलेल्या जागी ती कमजोर होते. जे बसवायचे ते नटबोल्टाने बसवायचे आणि हवे तेव्हा निघाले पाहिजे. यात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायद्याचे (१९८८) ५२वे कलम सांगते की नोंदणीच्या वेळी कारखान्याने दिलेले गाडीचे तपशील मालकाने आपल्या मनाने बदलू नयेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली ते पुन्हा बजावले. मोटारीपुढे लोखंडी शिंगे बसवण्याची जी फॅशन होती, तिच्यावर २०१७च्या डिसेंबरातच केंद्र सरकारने बडगा उगारला. मामांनाही ती हवी होती. मिस्त्रींनी साफ नकार दिला, कारण एक तर ती बेकायदा, आणि वर आडव्या आलेल्या माणसाचा जीव घेणारी.

आता त्या काळ्या नळीविषयी. मामा तिला ‘सोंड’ म्हणतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ते अंगावर पाणी बरेच सोसते. पण श्वासातून पाणी गेले की संपले. हवा दाबता येते, पाणी दाबले जात नाही, आणि वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळून आतला दांडा वाकतो. म्हणून हवा उंचावरून घ्यायची. ऑस्ट्रेलियात अशा सोंडा मुख्यतः धुळीसाठी लावतात म्हणे. चाकांनी उडवलेली धूळ खाली असते, वर हवा जरा स्वच्छ. सोलापूरचा वैशाख पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मामांनी पहिली सोंड विहिरीवरच्या प्लॅस्टिकच्या पाइपाची केली होती. ती इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडून खरोखरीच सोंडेसारखी लोंबू लागली! आताची पत्र्याची आहे. तिची परीक्षा अशी की इंजिन चालू ठेवून वरच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा. इंजिन गुदमरून बंद पडले तर सोंड खरी. चालूच राहिले तर कुठला तरी जोड खालून हवा घेतो आहे, म्हणजेच पाणीही घेईल. मी हात दाबला. पंढरपुरी तीनदा खोकली आणि गप्प झाली. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मुलगा मॅट्रिक झाल्याचा आनंद होता.

याहूनही हुशारीची एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. डिफ्रन्शलच्या डब्याला श्वास घ्यायला एक छोटे भोक असते. तापलेला डबा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या भोकातून पाणी आत ओढले जाते. तेलाचे ताक होते. मिस्त्रींनी तिथे एक रबरी नळी लावून ती वर इंजिनापर्यंत नेली होती. खर्च एका मिसळीचा. सायलेन्सर अंगाला घासू नये म्हणून मधे घातलेली गादी मागाच्या जुन्या पट्ट्याची होती. सोलापुरात काहीही टाकून देत नाहीत.

मला यावरून बॅग्नॉल्ड या इंग्रज अधिकाऱ्याची आठवण झाली. हा गृहस्थ १९२०-३०च्या दशकांत साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडला. वाळूत रुतलेल्या चाकाखाली घालायला त्याने पन्हळीसारख्या लोखंडी पट्ट्या शोधल्या, त्या कैरोच्या भंगारबाजारात. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांची छपरे होती ती. पुढे १९४० साली याच अनुभवावर त्याने ब्रिटिशांचे वाळवंटी टेहळणी पथक उभारले. जगप्रसिद्ध विलीस जीप हीही त्याच युद्धाची लेक. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये तिची जुळणी मुंबईत महिंद्रांनी सुरू केली, आणि आमची पंढरपुरी त्याच घराण्यातली. मी हे सारे रंगवून सांगितले. मिस्त्री म्हणाले, “तसल्या पट्ट्या केल्या होत्या की मामांना. त्यांनी गोठ्याचं फाटक केलं त्याचं.”

मग मी सहज विचारले, आणि न विचारतो तर बरे झाले असते, की चारचाकी जोर असूनही त्या रात्री गाडी का रुतली?

मिस्त्री पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. चाकाच्या मध्यभागी एक गोल चकती असते, तिच्यावर ‘फ्री’ आणि ‘लॉक’ असे दोन शब्द कोरलेले. “हे हब. आत दांडा ओढला तरी हे हातानं लॉकवर फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत. नुसती फरफटतात. त्या रात्री दोन्ही फ्रीवर होते. कुणीतरी शहाण्यानं मामांना सांगून ठेवलं होतं, फ्रीवर ठेवा, डिझेल वाचतंय. आठ वर्षं कुणी हात लावला नव्हता, गंजून घट्ट बसलेले. आणि चिखलात बुडाल्यावर कोण शोधणार?”

तो शहाणा त्यांच्यासमोर बशी हातात धरून उभा होता. गाडी घेतली त्या दिवशी, कुठल्याशा माहितीपुस्तिकेत वाचून, मीच मामांना हे मोठ्या ऐटीत सांगितले होते. डिझेल वाचते हे खरेच आहे. पावसाळ्याआधी ते लॉक करायचे आणि अधूनमधून फिरवीत राहायचे, हे पुढचे पान मी वाचले नसावे.

मी मामांकडे पाहिले. मामा सोंडेवरची धूळ रुमालाने पुसत होते. त्यांना हे कित्येक वर्षे ठाऊक होते. इतक्या दिवाळ्या झाल्या, इतके फोन झाले. एका शब्दाने त्यांनी ते मला कळू दिले नव्हते.

“चला,” ते म्हणाले, “चटणी घ्यायची राहिली. दुकान बंद होईल.”

सोमवारी मामींनी कुडल संगमला जायचे काढले. दवाखान्यातून सुटल्यावर बोललेला नवस होता, तो पायामुळे राहून गेला होता. वस्तीवर सकाळी लख्ख ऊन होते, वाट वाळलेली होती. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त गाडी अंगणात आणून उभी केली. मामींनी काठीने चाकाला टोचून पाहिले, उपासाच्या भगरीचा डबा माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, “ह्यो बसणार असंल पुढं, तर बसते.” ‘ह्यो’ म्हणजे मी. गाडी सुचवणाऱ्यानेही सोबत बुडावे असा न्याय असावा. उंच केलेल्या गाडीत चढायला त्यांना जड जात होते. इतक्या सुधारणा केलेल्या त्या गाडीला पायरी करायचे कुणाच्याही डोक्यात आले नव्हते! भावाने दुधाची कॅन उलटी ठेवली.

हत्तरसंग-कुडल सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. सीना येऊन भीमेला मिळते ती जागा. पलीकडे कर्नाटक. दोन नद्यांचे संथ, मातकट पाणी, काठावर संगमेश्वराचे काळ्या दगडांचे देऊळ, आणि शेजारी मातीच्या ढिगाऱ्यातून अलीकडच्या काळात मोकळे केलेले हरिहरेश्वराचे. तिथे एक शिवलिंग आहे, त्याच्यावर लहान लहान मुखे कोरलेली आहेत, ३५९ म्हणतात. मी मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे चुकलो. संगमेश्वराच्या मंडपात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा, मराठी लेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. हा लेख वाचील तो विजयी होईल, असा काहीसा आशीर्वाद त्यात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कुणा लेखकाने वाचकाला एवढे मोठे मानधन कबूल करावे, याचे मला फार कौतुक वाटले. मामींनी नारळ फोडला, नदीला ओंजळ वाहिली आणि पायाला लावायला थोडे पाणी बाटलीत घेतले.

तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ काळे झाले. परतीचा पाऊस वर्दी देऊन येत नाही. सीनेचा पूल ओलांडेपर्यंत समोरचे दिसेना, आणि सडक सोडून वस्तीच्या वाटेला लागायचे तेव्हा सहा वाजून गेले होते. वाट कुठे आणि रान कुठे, सगळे एकच काळेभोर, चकाकते झाले होते. मामी गप्प होत्या. त्यांनी डाव्या हाताने समोरची मूठ अशी धरली होती की बोटे पांढरी पडली होती.

“उतर,” मामा मला म्हणाले. “दोन्ही लॉक कर.”

मी पावसात उतरलो. पहिले हब हलक्या हाताने फिरले, टक् असा आवाज झाला. दुसरेही. आता त्यांना दर महिन्याला ग्रीस लागते. मग भावाने चारही चाकांतली हवा सोडली, पस्तीस पौंडांवरून अठरावर. चाक बसके होते, जमिनीवर जास्त पसरते आणि कमी रुतते. ही सर्वांत मोठी सुधारणा, आणि तिला एक पैसा पडत नाही! परत भरायला पायपंप हौद्यात होता. अशा बसक्या चाकांनी सडकेवर भरधाव जायचे नाही, एवढे पथ्य.

मामांनी दुसरा गेअर टाकला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. थांबायचे नाही, जोर वाढवायचा नाही, चाक फिरवायचे ते थोडे थोडे. पंढरपुरी डोलत, घसरत, कधी आडवी होत चालली. एक किलोमीटर गेला. ओढ्याच्या उतारावर मागचे डावे चाक चरात गेले आणि हवेत फिरू लागले. डिफ्रन्शलचा स्वभावच असा की ज्या चाकाला काम नाही त्यालाच सारा जोर देतो. सरकारी कचेरीतही मी हे पाहिले आहे. साखळीची कप्पी हौद्यात होती, पण बांधायला झाड नव्हते. अशा वेळी स्टेपनी जमिनीत पुरून तिला साखळी बांधायची, हेही मामांना ठाऊक होते. पण काळोखात खड्डा खणायला तास गेला असता. लोखंडी पट्ट्या गोठ्याचे फाटक होऊन बसल्या होत्या.

मामींनी मागच्या सीटवरची घडी उचलली. जाड, लाल-हिरवी, मोराची सोलापुरी चादर, देवाला जाताना अंथरायला आणलेली. “घाल चाकाखाली,” त्या म्हणाल्या.

“अगं, नवी आहे,” मामा म्हणाले.

“मी जुनी झाले की नाही? घाला म्हणते ना!”

मी आणि भावाने ती चाकाखाली कोंबली. मामांनी हळूच क्लच सोडला, चाकाने मोर धरला, पंढरपुरीने एक हिसका दिला आणि ती वर आली. शेवटची साठ पावले काही त्रास झाला नाही. त्या जागेवर मामांनी उन्हाळ्यात अकरा ट्रॉल्या मुरूम टाकला होता. हे त्यांनी मला फोनवर कधी सांगितले नव्हते. सोंडेपेक्षा मुरूम महत्त्वाचा, हे सांगायला त्यांना जड गेले असावे. सोंड त्या दिवशी तोंडापर्यंत कोरडी होती.

अंगणात दिवा लागला. दुधाची कॅन पुन्हा उलटी झाली आणि मामी उतरल्या. त्या बॉनेटला वळसा घालून समोर आल्या, चिखलाने माखलेल्या दिव्यावर पदराचे टोक फिरवले आणि काही न बोलता चुलीकडे गेल्या. थोड्या वेळाने आतून हाक आली, “अहो, पायरी करून घ्या तिला. दर वेळी कॅन कुठली आणू?”

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. चादर तीन पाण्यांतून काढून बाभळीवर वाळत घातली होती. मोर तपकिरी झाला होता, पण फाटला नव्हता. दुपारी मला स्टेशनवर सोडायला मामा स्वतः निघाले. मामीही निघाल्या, त्यांना म्हणे सोलापुरात बांगड्या भरायच्या होत्या. सडक लागली तशी मामांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाहिले.

मी उतरलो आणि दोन्ही हब फ्रीवर आणले. मग भावाने पंप पुढे केला, आणि चार चाकांत अठरापासून पस्तिसापर्यंत हवा भरण्याचा मान त्या मंडळींनी माझ्याकडेच दिला.